वाढत्या अंगाची जर्सी

नोव्हेंबरातला दुसरा रविवार, दुपारचे साडेतीन. रक्कम एक हजार पन्नास डॉलर. हजर माणसे पाच: मी; माझी तेरा वर्षांची मुलगी ईरा; पुण्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली माझी आई; मुलींच्या संघाची प्रशिक्षक शिव्हॉन; आणि क्लबातले सर्वांत जुने सभासद डोनल. स्थळ, हॅमिल्टनच्या उत्तर टोकाला रोटोटुनातले आमचे घर, जेवणाचे टेबल. एवढे लिहून ठेवण्याची सवय मला नोकरीने लावली. मी बांधकामांच्या खर्चाचे अंदाज काढतो, आणि ज्या बैठकीची तारीख, रक्कम आणि हजेरी लिहिलेली नाही ती झालीच नाही असे आमच्यात मानतात. पण त्या दुपारचे जे लिहिता आले नाही तेच आता अधिक आठवते. शेजाऱ्याने नुकतेच गवत कापले होते आणि त्याचा ओला, हिरवा वास सरकत्या दारातून आत येऊन टेबलावरच्या कापडाच्या तीन तुकड्यांवरून फिरत होता. आई चष्मा कपाळावर सरकवून, डोळे मिटून, एकेक तुकडा अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहत होती, आणि जर्सी या विषयावर पन्नास वर्षांत कोणाचेही ऐकून न घेतलेले डोनल तिच्या तोंडाकडे बघत गप्प बसले होते.

खेळ आयर्लंडचा, गेलिक फुटबॉल. चेंडू हातानेही खेळतात आणि पायानेही. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालच्या जाळ्यात गेला तर तीन. मी सहकारनगरच्या मैदानावर क्रिकेट खेळून वाढलेला माणूस. सुरुवातीचे सहा महिने मला पंच शिट्टी का वाजवतो हेच कळत नसे. ईरा एका मैत्रिणीच्या मागोमाग क्लबात गेली आणि रमली. मुलींचा संघ नवा होता आणि त्यांना स्वतःची जर्सी नव्हती. मुलांच्या जुन्या, विटलेल्या जर्सी त्या घालत. ईराच्या जर्सीच्या आतल्या पट्टीवर कोणा शॉनचे नाव काळ्या शाईत लिहिलेले होते, आणि तो शॉन आता दाढी राखून ऑस्ट्रेलियात नोकरी करत होता. दोन वर्षे ती शॉन बनून धावली. त्यामुळे मुलींची पहिली जर्सी होणार असे ठरले, आणि चौदा मुलींनी काढलेल्या चित्रांतून ईराचे चित्र निवडले गेले, तेव्हा आमच्या घरात आठवडाभर दिवाळी होती. गडद हिरवा रंग. डाव्या खांद्यापासून तिरपा खाली उतरणारा राखाडी पांढरा पट्टा, म्हणजे हॅमिल्टनचे सकाळचे धुके. आणि अगदी तळाशी, काठाला, बोटभर रुंदीची चंदेरी नागमोडी रेघ, म्हणजे वायकाटो नदी. शाळेत जाताना पुलावर रोज जे दिसते ते तिने कापडावर मांडले होते.

पण जर्सी ही चित्र काढणाऱ्याची नसते, बघणाऱ्यांची असते, हे मला शनिवारी मैदानाच्या कडेला उभे राहून समजले. घडीच्या खुर्च्या, थर्मास, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, नाकावर पांढरे सनक्रीम थापलेली माणसे, आणि प्रत्येकाचे एक ठाम मत. एकाच्या मते राखाडी रंग धुतलेला असूनही मळका दिसेल. एकीला आडवे पट्टे हवे होते, कारण तिच्या वडिलांच्या गावाच्या संघाला आडवे पट्टे होते, आणि ते गाव दोनशे उंबऱ्यांचे असले तरी त्याचे पट्टे तिला इथे अठरा हजार किलोमीटरवर स्वप्नात दिसत. कोपऱ्यावरच्या डेअरीचे (इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात) नाव छातीवर किती मोठे असावे, यावरून दोन सज्जन आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. डोनल यांचा आग्रह कॉलरचा. “कॉलर नसेल तर ती जर्सी नाही, बनियन आहे,” असे ते म्हणत (शब्द त्यांचा वेगळा होता, अर्थ हाच), आणि हल्लीच्या अंगाला चिकटणाऱ्या जर्सीबद्दल त्यांचे मत याहून कडक होते. “आता जर्सीत माणूस नाही, सॉसेज भरतात. आमच्या वेळी जर्सी वाऱ्यात फडफडायची. वारा कुठून आहे हे पंचाला आमच्याकडे बघून कळायचं!”

“आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी ती धरून तुम्हाला मागे ओढायचं,” शिव्हॉन म्हणाली. “घट्ट जर्सीत निदान धरायला कापड सापडत नाही.”

“ओढलं की शिट्टी, शिट्टी की फ्री किक. त्यावर तर आम्ही जिंकायचो!”

ही मते मी वहीत उतरवत गेलो. एकूण एकेचाळीस. त्यांतली सहा परस्परविरोधी मते एकाच माणसाची होती.

कारखान्यावरून मात्र खरे तट पडले. अर्ध्या लोकांना, त्यांत डोनलही आले, जर्सी आयर्लंडातल्याच जुन्या कारखान्याची हवी होती. ती शिवण, तो शिक्का मानेमागे असल्याशिवाय खेळ अंगात येत नाही अशी त्यांची श्रद्धा. काहींना इंटरनेटवर अर्ध्या किमतीत मिळणारी जर्सी पुरेशी होती. तिसरा पर्याय क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीत, कारखान्यांच्या वस्तीत छोटा शिवणखाना चालवणाऱ्या लिन नावाच्या बाईचा. मी तिघांचा तक्ता केला, आणि त्या रविवारी तिघांचे नमुने आमच्या टेबलावर आले. आईने पहिला तुकडा बाजूला सारला. “हा दहा धुण्यांत जाळी होईल.” दुसरा हातात घेऊन ती थोडी थांबली. “हा चांगला आहे. पण गरम आहे. तिथे थंडी असेल.” तिसरा तिने कानाजवळ नेऊन ताणला, सोडला, पुन्हा ताणला. “हा परत जागेवर येतो. हा घ्या.”

“काय म्हणतात आजी?” डोनल यांनी विचारले. ते चौऱ्याहत्तरचे, आई बहात्तरची, पण सगळ्या मुली म्हणतात म्हणून तेही तिला आजीच म्हणत. तिसरा तुकडा हॉर्नबीचा आहे असे मी सांगितले. त्यांनी एक सुस्कारा सोडला. “ठीक. मग कॉलर तरी द्या.” अशा रीतीने पन्नास वर्षांचा आयरिश आग्रह एका पुणेरी बोटाने मोडला आणि त्याच्या बदल्यात जर्सीला कॉलर आली.

पंच्याहत्तर डॉलरप्रमाणे चौदा जर्सी. हे पैसे आम्ही तीन शनिवार हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून उभे केले होते. आई सॉसेजकडे पाठ करून कांदे चिरी आणि परते. दुसऱ्या शनिवारपासून नुसता कांदा आणि पाव मागणारी गिऱ्हाईके येऊ लागली, कारण त्यात तिने धने-जिऱ्याची पूड टाकायला सुरुवात केली होती. आजही परतलेल्या कांद्याचा वास आला की मला हिरवी जर्सी दिसते.

आता मापे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची मापे मी घेणे बरे नव्हे, म्हणून टेप आईच्या हाती दिली. क्लबहाउसच्या एका कोपऱ्यात पडदा लावला. पडद्याआड आई आणि मुली, पडद्याबाहेर मी आणि वही. आई इंग्रजी बोलत नाही आणि मुलींपैकी ईरा सोडून कोणाला मराठी येत नाही, पण आतून अखंड हसण्याचा आवाज येत होता. “बाळ, हात वर. वर गं. हां. सुंदर! एकतीस!” असे ती ओरडे, मी लिही, आणि पुढची मुलगी आत जाई. चौदा मुली, प्रत्येकीची तीन मापे, बेचाळीस आकडे. घरी येऊन मी प्रत्येक छातीच्या आकड्यात दोन इंच आणि उंचीच्या आकड्यात दोन इंच मिळवले.

हे मी का केले याचे उत्तर माझ्या खाकी चड्डीत आहे. लहानपणी आमच्या घरी आई शिवणयंत्रावर आळीतल्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवत असे, आणि तिच्याकडे येणारी प्रत्येक बाई पोराला पुढे ढकलून एकच वाक्य म्हणे, वाढत्या अंगाचं शिवा. मापाचा कपडा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता. जूनमध्ये नवी चड्डी गुडघ्याखाली येई, खांदे कोपराकडे उतरत, आणि वर्गात सगळीच मुले अशी की जणू मोठ्या भावंडांच्या कपड्यांत लपायला बसली आहेत. कापडाच्या आत चार बोटे दुमड असे. दरवर्षी आई ती थोडी उलगडे, आणि उलगडलेल्या जागी न विटलेल्या कापडाची एक गडद पट्टी दिसू लागे. सातवीत माझ्या चड्डीवर अशा तीन पट्ट्या होत्या, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारख्या. त्या मोजून कोणीही सांगू शकले असते की हा मुलगा कोणत्या वर्षी किती वाढला. पंच्याहत्तर डॉलरची जर्सी एका मोसमात तोकडी व्हावी हे माझ्या हिशेबात बसणे शक्यच नव्हते. मी कामातल्या अंदाजपत्रकातही अनपेक्षितासाठी जागा ठेवतो. मुली वाढणार हे तर अपेक्षितच होते.

जानेवारीत लिनचा फोन आला. पाठीमागे यंत्रांची घरघर. “तुमची यादी बघतेय. चौदाखालच्या मुली ना या? चांगल्याच मोठ्या आहेत.”

“होतील,” मी म्हणालो.

कागद चाळल्याचा आवाज आला. “मधलं माप आलं तर मी वरचं धरू की खालचं?”

“वरचं,” मी ठामपणे सांगितले.

“स्वीट ॲज,” ती म्हणाली, म्हणजे उत्तम, आणि फोन ठेवला.

खोके आले फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, सरावाच्या वेळी. इथला उन्हाळा उतरणीला लागला होता. मैदानाच्या पश्चिमेच्या झाडांत किडे एका सुरात किरकिरत होते आणि ऊन इतके तिरपे, इतके पिवळे झाले होते की गवताच्या प्रत्येक पात्याला स्वतःची सावली होती. शिव्हॉनने चाकूने चिकटपट्टी कापली. नव्या कापडाचा तो कोरा वास आला. हिरवा रंग चित्रातल्यापेक्षाही खोल, धुके अगदी पुलावरचे, आणि काठाची नदी उन्हात लखलखत होती. मुलींनी किंचाळत जर्सी ओढून घेतल्या, अंगावर चढवल्या, आणि मग एकमेकींकडे बघू लागल्या.

बाह्या कोपरांच्या खाली. खांदे दंडावर. नदी गुडघ्यांवरून वाहत होती आणि खालच्या चड्ड्या दिसेनाशा झाल्या होत्या. सर्वांत बुटकी गोलरक्षक नुसती कॉलर आणि डोळे उरली होती. ती हसली, मग दुसरी हसली, मग सगळ्याच गवतावर लोळल्या, पण ईरा हसली नाही. तिने आपल्या नदीकडे खाली पाहिले, मग माझ्याकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “यू डिड द साइझेस.”

घरी येताना गाडीत ती मागच्या सीटवर जर्सी मांडीवर घेऊन बसली होती. मला आरशात तिचे कपाळ तेवढे दिसत होते. स्पर्धा बारा दिवसांवर होती, ऑकलंडला, मनुरेवाच्या मैदानावर; तिथे चार संघ येणार होते, आणि चित्र ईराचे आहे हे सगळ्या मुलींना ठाऊक होते. नाक्यावर लाल दिव्याला ती हळूच म्हणाली की ती शॉनच घालेल. हिरवा दिवा लागल्यावर मी गाडी पुढे घेतली. 

घरी मी बेचाळीस आकडे पुन्हा तपासले. बेरीज बिनचूक. मग टेप आणून ईराला उभे केले, छाती एकोणतीस. वहीत एकतीस. मी स्वयंपाकघरात गेलो. आई भाकरी थापत होती.

“आई, तू माप घेताना टेपखाली बोटं घातली होतीस?”

“चार. मग? घट्ट आवळून मोजायचं का पोरींना? वाढत्या अंगाच्या आहेत.”

“पण ती वाढ मी धरली होती!”

“मला कुठे सांगितलंस?” भाकरी तव्यावर पडली. “आणि तुला कळत नाही? मी कधी बोटं न घालता माप घेतलंय? तुझ्या लग्नाच्या कोटाला घातली होती, म्हणून तू अजून तो घालतोस.”

हिशेब असा निघाला. खरे माप एकोणतीस. आईची बोटे दोन इंच, एकतीस. माझे दोन, तेहेतीस. लिनच्या तक्त्यात बत्तीस आणि चौतीस, मी सांगितल्याप्रमाणे वरचे, चौतीस. शिवाय त्या तक्त्यातच धावण्यापुरती सैल जागा आधी धरलेली. तीन माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकाच मुलीच्या वाढीची काळजी घेतली होती. माझी पत्नी मीनल कामावरून आली, तिने जर्सी पाहिली, सारे ऐकून घेतले आणि बॅग खाली ठेवत म्हणाली, “तुम्ही मायलेक मोजायला बसता आणि वाढवून उठता.” मग तोंडावर हात ठेवून बाथरूममध्ये गेली. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत होता.

मी शिव्हॉनला फोन करून सांगितले की चूक माझी आहे. स्पर्धेनंतर मुलींनी हात वर करून ठरवावे, त्यांना नको असतील तर नवा संच मी माझ्या खिशातून करून देईन. बारा दिवसांत लिनकडून काही होण्यासारखे नव्हते. ईराला हे सांगितले तेव्हा तिने खांदे उडवले. तोवर आई जर्सी उलटी करून दिव्याखाली बघत होती.

“लांबी तरी आटोपशीर करू,” ती म्हणाली. “आतून दुमड घालते.”

“आजी, नो! द रिव्हर!” ईरा उठून उभी राहिली. तळाची दुमड म्हणजे नदी आत जाणार.

आईला रिव्हर कळले नसावे, पण ईराचे बोट कुठे गेले ते दिसले. “काठ कोण झाकतं? परकराचा काठ झाकतात का कधी? दुमड त्याच्या वर घालायची.” आणि तिने दोन्ही हातांनी कापड चिमटीत धरून पोटापाशी, आतल्या बाजूला, चार बोटांची घडी घातली. धुक्याचा पट्टा तिथे जरासा तुटला आणि पुढे सरकून पुन्हा सुरू झाला. नदी वर उचलली गेली, पण राहिली. ईरा पाहत राहिली. मग तिने टाचण्यांची डबी आईपुढे सरकवली.

त्यानंतरचे दहा दिवस माझ्या आठवणीत हिरवे आहेत. यंत्राची शिवण या ताणणाऱ्या कापडाला मानवेना, म्हणून आईने हातानेच कच्चे टाके घातले. दुपारी दारातल्या उन्हात खुर्ची टाकून ती बसे, मांडीवर धुके आणि नदी, आणि सुई वरखाली. ईरा शाळेतून आली की शेजारी बसून दोरा ओवून देई. चौदा जर्सींची लांबी सावरली. रुंदीला इलाज नव्हता. वारा आला की त्या फुगणारच होत्या.

मनुरेवाला पहाटे निघालो तेव्हा वायकाटोवर खरेच धुके होते, आणि इतका दाट, इतका राखाडी पट्टा नदीवर तिरपा पडला होता की मीनलने मागे वळून ईराकडे बघितले, पण ईरा खिडकीला डोके टेकून झोपली होती. मैदानावर ऊन होते, वारा होता आणि कुठल्याशा घरातून भाजलेल्या मटणाचा वास येत होता. आमच्या मुली रांगेने मैदानात उतरल्या आणि वाऱ्याने चौदाच्या चौदा जर्सी एकदम भरल्या. कडेच्या खुर्च्यांतून हशा उठला. यजमान संघाच्या एका आजोबांनी माओरी नमस्कार घालत मोठ्याने विचारले, “किया ओरा, तंबू कुठे ठोकणार?” ईराची मान ताठ होती, ती तशी ताठ कधी होते ते मला ठाऊक आहे. माझ्या शेजारी डोनल उभे होते. त्यांनी टोपी काढली. “बघा,” ते म्हणाले, “फडफडतेय.”

पहिले दोन सामने आम्ही हरलो, पण मी वहीत एक वेगळी नोंद ठेवू लागलो होतो. एवढे कापड डोळ्यांपुढे लहरत असताना ते न धरणे प्रतिस्पर्धी मुलींना जमतच नव्हते. धरले की शिट्टी, शिट्टी की फ्री किक. दोन सामन्यांत असे सहा वेळा झाले. तिसरा सामना तिसऱ्या क्रमांकासाठी, यजमानांशीच. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. ईराने मधल्या रेषेजवळ चेंडू झेलला आणि ती सुटली. तिच्या मागे त्यांची उंच, वेगवान बचावपटू. तिने हात लांब केला आणि जर्सीचा मूठभर घोळ तिच्या हाती आला. टर्र असा आवाज मला कडेपर्यंत ऐकू आला. आईचे कच्चे टाके एका ओळीत उसवले, दुमड उघडली, जर्सी वीतभर खाली आली आणि नदी थेट ईराच्या गुडघ्यांवर उतरली. पंचाची शिट्टी वाजली. उंच मुलगी स्वतःच्या मुठीकडे आश्चर्याने पाहत होती. तिला वाटले, आपण जर्सी फाडली. ती माफी मागू लागली, आणि ईरा, हसू आवरत, तिला दुमड उलटी करून दाखवू लागली. दोघी पोट धरून हसत होत्या आणि पंच घड्याळ दाखवत होता.

मग ईराने जर्सीचा घोळ एका हाताने कमरेपाशी गोळा केला, साडीच्या निऱ्या गोळा कराव्यात तसा, तीन पावले मागे गेली, आणि दुसऱ्या हातातला चेंडू सोडून लाथ मारली. चेंडू वाऱ्यावर थोडा डावीकडे झुकला. आडव्या दांडीवरून गेला तेव्हा डोनल यांनी माझ्या आईला खांद्याला धरून हलवले आणि आई मला विचारत होती, “झालं? आपला झाला?” आपलाच होता. एका गुणाने.

तिसऱ्या क्रमांकाला चषक नसतो, संत्र्याच्या फोडी असतात. मुली गवतावर गोल बसून त्या खात होत्या तेव्हा शिव्हॉनने माझा प्रस्ताव मांडला, ज्यांना नवा संच हवा त्यांनी हात वर करावे. मी वही उघडून उभा होतो. एकही हात वर गेला नाही. बुटकी गोलरक्षक कॉलरमधून म्हणाली, “वुई विल ग्रो, एनीवे.” मी वहीत शून्य लिहिले, आयुष्यात इतक्या आनंदाने मी शून्य कधी लिहिले नसेल. ईरा उठून आईपाशी आली, उसवलेली जर्सी दोन्ही हातांनी पुढे धरून. घरी मराठी कळते पण उत्तर इंग्रजीत येते, अशी ही मुलगी. ती चक्क मराठीत म्हणाली, “आजी, परत टाके घाल. आणि मला शिकव.”

आईने शिकवले. एप्रिलच्या सुरुवातीला ती परत गेली, त्याआधी ईराच्या जर्सीची दुमड ईरानेच घातली, वाकडी, पण पक्की. पुढच्या मोसमात ती कुठे आणि किती उलगडायची तेही आईने तिला आतल्या बाजूला खडूच्या खुणेने दाखवून ठेवले आहे. पानगळ सुरू झाली होती. विमानतळावरून परत येताना मला एकदम सतरा वर्षांपूर्वीचे आमचे इथले पहिले घर आठवले. रिकाम्या खोल्या, आवाज घुमायचा, मागे एवढे मोठे अंगण की त्यात काय करायचे ते सुचत नसे, आणि मी मीनलला म्हणालो होतो की हे सगळे आपल्याला फार मोठे होते आहे. ती काय म्हणाली होती ते आता आठवत नाही. खोल्या कधी भरल्या, बाह्या कधी मनगटापाशी आल्या, याची नोंद माझ्या कोणत्याच वहीत सापडत नाही.

समर्थकांनाही जर्सी मिळणार असे क्लबाने ठरवले तेव्हा ईरा टेप घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. हात वर करायला लावले. टेप पाठीमागून आणली, पुढे जुळवली, मान तिरकी करून आकडा वाचला आणि माझ्याच वहीत लिहिला. मी डोकावलो. चव्वेचाळीस.

“अगं, मी बेचाळीस आहे.”

“आय नो.” टेपखाली तिची चार बोटे अजून तशीच होती, माझ्या बरगडीला किंचित थंड लागत होती. “वाढायला नको का, बाबा?”

मी पन्नासाव्या वर्षात आहे. आकडा खोडण्यासाठी पेन उचलले होते. मग ते तसेच खाली ठेवले. एप्रिलचा दुसरा सोमवार, सकाळचे नऊ. हजर ईरा आणि मी. पंच्याहत्तर डॉलर, एका जर्सीचे, माप चव्वेचाळीस, हॉर्नबीच्या लिन यांना दिले.